स्क्रीनवर मामाचं नाव

असले अनुभव मी वाचते, पण दुसऱ्या ओळीपासूनच त्यातली खोट शोधायला लागते. माझा यावर कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहितानाही मन कचरतंय...

कामरगावला स्टँडजवळ माझ्या मामाचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान, मागे घर. मामा गेल्या वर्षी गेला. गावातल्या लग्नांत मंगलाष्टकं तोच म्हणायचा. आजारी पडल्यावर त्याने आपल्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नासाठी ती रेकॉर्ड करून ठेवली — फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर. लग्न दोन दिवसांवर आलं आणि तो कॉम्प्युटर सुरूच होईना.

"फोनवर नाही घेतली कोणी?" मी विचारलं.

"घेऊ देल्ली त नं! म्हणे, लग्नाच्या आधी कोणी आयकाचं नाही," मामी म्हणाली.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. मामाच्या मशीनवर लिनक्स मीच टाकून दिलं होतं. आता काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच, म्हणजे मशीनला सुरू होण्यापुरतंही काही सापडत नव्हतं. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, तर सगळ्या फाइली जिच्यात असतात ती हार्ड डिस्कच दिसेना. पल्लवी दारातून सारखी विचारत होती, "होईन नं वं?" मागे कुणी उभं असलं की माझे हात चालत नाहीत.

शेवटी टोकं साफ करावीत म्हणून डिस्क काढून टेबलावर ठेवली, पेन ड्राइव्ह खिशात टाकला. तेवढ्यात लाइट गेली. मी अंगणात हात धुवायला गेले.

परत आले तर लाइट आली होती... आणि स्क्रीनवर मामाचं नाव. लॉगिन! लाइट आली की ते मशीन आपोआप सुरू व्हायचं. मी घाईघाईने पासवर्ड टाकला, फाइल शोधली, पेन ड्राइव्हवर घेतली, हेडफोन लावून ऐकली. मामाचाच आवाज. मधला खोकलासुद्धा.

"पल्लवी, झालं!" मी ओरडले.

मामी देवघरातून आली. तिच्या तळहातावर डिस्क होती, वर हळदकुंकू.

"खंडेनवमीले ते साऱ्या मशीनीची पूजा करत. यंदा राह्यली, म्हणून रुसलं असन. केली आता मी. लाव बाई."

मी वाकून पाहिलं. कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात डिस्कची केबल नुसती लोंबत होती.

डिस्क लावली — पुन्हा काळी स्क्रीन. काढून सुरू केलं, तरी तेच. सगळा डबा उपसला. दुसरी डिस्क कुठेच नव्हती.

लग्नात मांडवभर मामाचा आवाज घुमला. पल्लवी अंतरपाटामागे रडत होती. मी मात्र स्पीकरला लावलेल्या पेन ड्राइव्हकडेच बघत होते. मामीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "कायले डोकं फोडून राह्यली? आले नं ते पोरीच्या लग्नाले!"

ती फाइल कुठून आली, हे मला आजही सांगता येत नाही. परवा मामीचा फोन आला.

"लाइट आली का कधी कधी त्यायचं नाव येते बाई, टीव्हीवर." कॉम्प्युटरच्या स्क्रीनला ती टीव्हीच म्हणते.

"डिस्क कोणी लावली?"

"कोणी नाही. ते त देवाजवळच हाय."

जाऊन बघता येईल. सुट्टी शिल्लक आहे. तिकीट मात्र अजून काढलेलं नाही.