झुंबरबाईचं कुलूप

झुंबरबाईच्या खोपटाला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. पण आतल्या पत्र्याच्या पेटीला चांगलं जाडजूड कुलूप होतं. पेटीत काय, तर भाकरी. पाथर्डीकडच्या आमच्या गावात भाकरीला कुलूप लावणारी बाई हीच एक, आणि तेही पोटच्या पोरापासून.

"सावत्र असती तर समजलं असतं गं," शेजारची लंकाबाई म्हणायची. ‘सावत्र’ म्हणताना तिची जीभ अशी फिरायची, जणू तोंडात गुळाचा खडा आहे.

पोर म्हणजे गहिनीनाथ. वय चौदा, उंची दहाची, पंजे बाळासारखे इवले आणि अंग गोल गरगरीत. बहात्तरच्या दुष्काळात बैलांच्या बरगड्या दिसत होत्या आणि हा गोल. त्यामुळे लोक एकाच दमात दोन गोष्टी म्हणायचे : झुंबरी पोराला उपाशी मारते, आणि झुंबरी पोराला चोरून चारते. दोन्ही एकदम कसं, ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

जन्मला तेव्हा तो चिंधीसारखा लुळा होता. रडणंसुद्धा मांजराच्या पिलाचं. ओढून प्यायचं बळ नव्हतं, तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवला. मग तीन-चार वर्षांचा झाल्यावर भूक लागली, ती लागलीच. कच्चं पीठ, बैलाची पेंड, कुत्र्यापुढचं शिळं, काहीही. अडवलं की धुळीत लोळण, डोकं आपटणं, खपल्या ओरबाडून रक्त. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे जन्माबरोबर आलेलं आहे, पोट भरल्याचं याला कळत नाही, औषध नाही. अन्न कुलपात ठेवा. झुंबरबाई येतानाच कुलूप घेऊन आली.

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायची, पोर शेजारी. तिथं रोज सगळ्यांना सुकडी मिळायची, गुळापिठाचा गोड भुगा. एका दुपारी तिची पाठ वळली आणि गहिनीनाथ सुकडीच्या पोत्यात कोपरापर्यंत सापडला.

सूर्यभान मुकादमाच्या नाकातून आधी वारा येतो, मग शब्द. "झुंबरे, घरी उपाशी ठिवती आन् आमच्या पोत्यात सोडती. उद्यापासून तू न्हाई, पोर न्हाई."

त्या वर्षी काम गेलं म्हणजे चूल गेली. झुंबरबाईनं हातोडी खाली ठेवली.

"उपाशी हाय न्हवं? मग घाल पोटभर. त्यानं पुरं म्हनलं, तर मी आत्ता चालती. न्हाई म्हनलं, तर आमी दोघं हितंच ऱ्हानार."

मुकादमाला गंमत वाटली. वाटी भरली. लंकाबाई लाडात आली : खा रं लेकरा, आईनं न्हाई तर गावानं घातलं. लोक हसले. वाटी रिकामी.

"अजून हाय?" गहिनीनाथनं विचारलं.

पुन्हा वाटी. पुन्हा तेच, त्याच सुरात, शाळेतल्या हजेरीसारखं. पोतं खाली बसत गेलं, तसं हसणंही बसलं. झुंबरबाई पोराकडे बघतच नव्हती, मुकादमाच्या हाताकडे बघत होती. शेवटी फुटली ती लंकाबाई. "ओ मुकादम, बास करा की. आमच्या लेकरांनी काय माती खायची?"

"तुझं बास नगं," झुंबरबाई म्हणाली. "त्याचं पायजे."

मुकादमानं वाटी पालथी घातली.

"अजून हाय?"

पोतं ओढून घेतलं तसा गहिनीनाथ धुळीत पडला, स्वतःचंच मनगट चावायला लागला. ती त्याला पोटाशी आवळून खडीवर बसून राहिली. जवळ कुणी गेलं नाही, माफीचा तर शब्दच नाही.

पण दुसऱ्या दिवशी कामावर सुकडी ठेवायच्या झोपडीला फळ्यांचं दार आलं, दाराला कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या करगोट्याला.

"घरचं कुलूप साऱ्या कामाला लावलं भवानीनं," लंकाबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

झुंबरबाईनं खडी फोडता फोडता ऐकलं. पोराचा हात धरून दाराशी गेली, कुलूप हिसडलं. ते उघडलं.

"मुकादम, खटका बसला न्हाई."

सूर्यभाननं नाकातून वारा सोडला. मग उठला आणि दाबलं.