डाव्या चाकाची ठकठक

आमच्या घरात गाडी माझ्या नावावर आहे आणि गाडीबद्दलची मतं नवऱ्याच्या नावावर. त्यांना गाडी चालवता येत नाही. शाळेत जायला स्कूटर आणि बाकी सगळीकडे माझ्या डावीकडची सीट, एवढाच त्यांचा वाहनयोग. पण गिअर कधी बदलायचा, ट्रॅक्टरला कुठून ओव्हरटेक करायचं, समोरची म्हैस कोणत्या बाजूला वळणार, हे सगळं ते त्या सीटवरून सांगतात. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. फक्त आमचा उंट बुटका आहे.

बुटका म्हणजे फारच बुटका. लाल रंगाची, बारा वर्षांची, स्पोर्ट म्हणवणारी सेडान. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं. माझा दवाखाना लाखांदूरकडे, मी तिथे डॉक्टरांनी लिहिलेली औषधं देते. पवनीहून रोजचं अप-डाउन मी कित्येक वर्षं एसटीने केलं, बहुतेक उभ्यानं. मग स्वतःच्या पगारातून ही घेतली. हे म्हणाले होते, उंच गाडी घे, चार लोकांत दिसली पाहिजे. मला लोकांना दिसायचं नव्हतं, चालवायचं होतं. या गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं की रस्ता तळव्यांना कळतो. अख्ख्या घरात मी सांगेन तिकडे वळणारी तेवढी एकच गोष्ट होती.

पोळ्याच्या सुमारास पुढच्या डाव्या चाकातून ठकठक सुरू झाली. लहान खड्डा, गतिरोधक, रस्त्यावर बसलेली गुरं सांभाळून कडेनं उतरलं की ठक. मी यांना सांगितलं. त्यांनी बसून पाहिलं, मान तिरपी करून ऐकलं आणि निकाल दिला.

"मले तं काही आयकू नाही येऊन राहिलं. तुले भास होते."

तरी गॅरेजला जायचं ठरलं, आणि अर्थात दोघांनी. बाईमाणूस एकटी गॅरेजात गेली की मिस्त्री लुबाडतात, असं यांचं मत. दोघं गेलं की तो दोघांना लुबाडतो, हे माझं मत. ते मी स्वतःपाशी ठेवलं.

गावातल्या पहिल्या मिस्त्रीने विचारलं, "काय तकलीफ आहे, सर?" तकलीफ मी सांगितली, ऐकताना तो सरांकडे पाहत होता. मग चक्कर मारायला निघालो. मिस्त्री स्टिअरिंगवर, सर त्याच्या शेजारी, आणि ज्या बाईला आवाज येतो ती मागे, डिक्कीत खडखडू नये म्हणून जॅक मांडीवर घेऊन. सगळे खड्डे झाले. आवाज नाही. दोघांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी दवाखान्यात डॉक्टरांच्या चेहऱ्यावर रोज पाहते. बाई म्हणते छातीत धडधडतं, आणि डॉक्टर लिहितात झोपेची गोळी.

दुसरा मिस्त्री भंडाऱ्याचा. त्यालाही आवाज ऐकू आला नाही, पण तो निराश झाला नाही. गाडी वर चढवली, लोखंडी टॉमी घालून एकेक सांधा हलवला आणि म्हणाला, लिंक रॉड ढिले आहेत. बदलले. ठकठक तशीच. मग शॉकअप बदलले. तशीच. तिसरा नागपूरचा, मोठ्या काचेच्या दुकानातला, त्याने दोन्ही लोअर आर्म बदलायला लावले. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. एका तापाला पाच गोळ्या लिहिणारे मी पाहिले आहेत, पण ते निदान रोग्याला ताप आहे हे तरी मान्य करतात. या तिघांनाही आवाज ऐकू आला नव्हता आणि तरी दोघांनी इलाज केला होता. काढलेले जुने पार्ट मी मागून घेत गेले. डिक्की भरली.

डिसेंबरात यांनी शेवटची सूचना दिली. "इक आता. जिथं आवाजच नाही तिथं पैसा घालून राहिलो आपण." रागाच्या भरात मीही म्हणून बसले, नवं वर्ष लागायच्या आत आवाज सापडला नाही तर विका. शब्द तोंडातून गेला. यांनी तो लगेच झेलला, आणि तुमसरचा एक ओळखीचा कंत्राटदार रविवारी गाडी पाहायला येणार हे मला शुक्रवारी कळलं. एरवी घरातला बल्ब बदलायला यांना पंधरा दिवस लागतात.

शनिवारी दवाखान्यातून निघताना आमच्या सिस्टरने तिच्या शेतातल्या नव्या तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा दिला. डिक्कीत जागा नव्हती. चौकीदाराने तो माझ्या डावीकडच्या सीटवर बसवला आणि गंमत म्हणून पट्टाही लावला. घरापर्यंत मी माझी शेवटची फेरी म्हणून रडवेली होऊन चालवली. पवनी आल्यावर लक्षात आलं की ठकठक झालीच नाही. एकदाही नाही.

मी परत फिरले. पिठाच्या गिरणीपुढचा गतिरोधक आमचा खास. तिथे आवाज हमखास. गेले, काही नाही. घरी आले, यांना कट्टा उतरवायला लावला, तशीच पुन्हा गिरणीपुढे गेले. ठक.

गाडी कडेला घेतली आणि बसून राहिले. कट्टा पन्नास किलोचा. हे ऐंशीच्या वर. चार महिने प्रत्येक मिस्त्रीच्या शेजारी हे बसले होते. पुराव्यावर बसून पुरावा शोधायला निघालेला माणूस माझ्याच घरचा होता. मी एकटीच गाडीत मोठ्यानं हसले, आणि मग इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन सांगायला तोंड उघडलं. "आयका न, त्या आवाजाचं..."

"आता तो आवाज पुन्हा काढू नको," हे म्हणाले. "उद्या माणूस येऊन राहिला."

मी तोंड मिटलं. पुढचा सगळा दोष किंवा पुण्य त्या वाक्याचं.

रविवारी कंत्राटदार आला. यांना जयभीम घातला, मला वहिनी म्हणाला, गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली. हे सवयीनं डावीकडचं दार उघडायला गेले.

"भाऊ, तुमी एकटेच चालवून पाहा," मी म्हटलं. "मालक बाजूले बसला की घेणाऱ्याले मोकळं नाही वाटत."

"मी बसतो न, रस्ता दाखवतो," हे म्हणाले.

"पवनीत काय रस्ता दाखवता? चहा थंडा होते, बसा."

माझा अप्रामाणिकपणा म्हणाल तर एवढाच. मी घेणाऱ्याला गाडीचं खरं ऐकायची सोय करून दिली.

तो दहा मिनिटांत परत आला. "सर, डाव्या बाजूनं ठकठक येऊन राहिलं."

हे कपासकट उभे राहिले. "असं कसं? मले तं कधी आयकू नाही आलं. चला, दाखवा मले."

दोघं गेले. परत आले तेव्हा हे जिंकलेले होते आणि कंत्राटदार गोंधळलेला. दुसऱ्या फेरीत आवाज आलाच नव्हता. त्याने यांच्याकडे नीट पाहिलं, हा मास्तर नक्की कुठे काय दाबतो याचा अंदाज घेतला, आणि "कळवतो" म्हणून चहा न पिता निघाला. आमच्याकडे कळवतो म्हणाला तो माणूस पुन्हा दिसत नाही.

सोमवारी सुटी टाकून मी भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे एकटी गेले. "सर नाही आले?" त्याने विचारलं. मी त्याला मागच्या सीटवर, माझ्या पाठीशी बसवलं आणि गाडी स्वतः चालवली. तिसऱ्या खड्ड्याला तो पुढे वाकला.

"थांबा मॅडम. माउंटिंग आहे."

बॉनेट उघडून त्याने शॉकअपच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि मला गाडी दाबायला लावली. शॉकअप जिथे वर बॉडीला बसतो तिथलं रबर लोखंडापासून सुटलं होतं. "वजन आलं का दबून बसते, वजन नसलं का नाचते," तो म्हणाला. मग खाली मान घालून पुटपुटला की हे शॉकअप बदलले तवाच पाहाले पाहिजे होतं. माफी मागितली नाही. मला तेवढं पुटपुटणंही गोड लागलं.

पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन डबे आले आणि प्रश्न आला, "सरांना फोनवर घेता का?" मी म्हटलं, सर वर्गात आहेत. एकच औषध तीन नावांनी हाताळणं हा माझा रोजचा धंदा, मला डब्यांचं कौतुक नाही. तिन्ही उघडायला लावले. एकाचं बेअरिंग फिरवताना कचकच लागलं. दुसऱ्याच्या रबरात नख रुतलं. तिसऱ्याचा डबा सगळ्यात मळकट, पण रबर घट्ट, बेअरिंग गुपचूप फिरणारं, आणि लोखंडावरचा नंबर माझ्या जुन्या पार्टवरच्या नंबराशी जुळणारा. तोच घेतला, दोन्ही बाजूंसाठी, आणि मिस्त्रीकडून बसवून घेतला. संध्याकाळी गिरणीपुढचा गतिरोधक मी रिकाम्या गाडीनं चार वेळा ओलांडला. गिरणीवाला बाहेर येऊन पाहायला लागला. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला हात केला.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या शेजारी बसले. गतिरोधक आला, गेला. हे समाधानानं मागे टेकले.

"पाहा. आहे का आवाज? मी तवापासून म्हणून राहिलो, काही नाही म्हणून. खालीपिली गिऱ्हाईक गेलं."

मी गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. कट्टा, गिरणी, रबर, आणि कंत्राटदाराला एकट्याला पाठवलं तेही. ताकास तूर लागू न देता चार दिवस काढले होते, आता काहीच शिल्लक ठेवलं नाही. हे दुखावलेल्या आवाजात म्हणाले,

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"चार महिने सांगून राहिली होती," मी म्हटलं आणि गिअर टाकला.