कुंपणाचा ठोका

"तात्या, जरा गप ऱ्हा. खरखर ऐकू द्या," असे म्हणून ओठांवर बोट ठेवणारा आणि कोणतेही स्टेशन न लावलेला रेडिओ भिंतींजवळ, तारांजवळ, दिव्यांजवळ धरून हिंडणारा माणूस आपण पाहिला आहे काय? आळेफाट्याजवळच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात तो तंत्रज्ञ होता.

तिथले एमआरआय यंत्र लहान, कमी चुंबकशक्तीचे. मोठ्या यंत्रांना असते तशी तांब्याने मढवलेली खोली त्याला नव्हती. मेंदूतून येणारा संदेश इतका क्षीण, की शेजारच्या गॅरेजात वेल्डिंग सुरू झाले तरी चित्रावर रेषा उमटत. रुग्णालयाचा शेजारी या नात्याने मी गॅरेजला नोटीस धाडली, वीज कार्यालयाला स्मरणपत्रे. तो हसे. "तुमच्या नोटिशीनं रेघ जात न्हाई, राव. ती जाळीनं जाती."

त्याने तारा जाळीत गुंडाळल्या, दिवे बदलले. रुग्णावर तो धातूचे धागे विणलेले कापड पांघरी. "माणूस म्हंजी अँटेनाच. भायेरचा गोंगाट अंगावर घिऊन आत येतो."

तरीही काही रेषा राहिल्याच. खरखरीतला टक टक ठोका ऐकत एके दिवशी तो माझ्या आवारात शिरला. बिबट्यासाठी कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्याने वीज सोडणारे माझे झटका मशीन!

"तात्या, हे तुमचंच हाय. तपासणीपुरतं बंद ठिवा."

"लेखी अर्ज द्या," मी गरजलो. "माझ्या हद्दीचे संरक्षण हा माझा हक्क आहे."

त्याने अर्ज दिला. मी पोच दिली आणि सविस्तर उत्तराचा मसुदा करीत बसलो.

मसुदा पुरा होण्याआधीच, एका सकाळी चहा पिताना पत्नीचे तोंड वाकडे झाले. तिला शेजारी रुग्णालयात नेले. मेंदूचे पहिले चित्र रेषांनी फाटलेले आले. रक्तस्राव आहे की नाही, डॉक्टरांना कळेना. तंत्रज्ञ माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "मशीनच्या पेटीची चावी द्या, तात्या." धावत जाऊन त्याने कुंपणाचे मशीन बंद केले. दुसरे चित्र स्वच्छ आले. मधला वेळ मात्र गेला. ती पंधरा दिवस जगली, बोलली नाही. त्या वेळाने काय केले, हे डॉक्टर सांगत नाहीत.

बिघडलेले प्रत्येक चित्र तो अभ्यासासाठी जपून ठेवी. तेवढे एक त्याने पुसून टाकले. दहाव्याला घाटावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "त्ये नाय ठिवलं मी." पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे. तक्रार कोणाविरुद्ध करू?

गेल्या उन्हाळ्यात तो काविळीने गेला. त्या चित्राची प्रत मी रुग्णालयाकडे चार वेळा लेखी मागितली. "अभिलेखात उपलब्ध नाही," असे उत्तर येते. साफ खोटे. मी ते रोज पाहतो: पत्नीचे मस्तक, आणि त्यावर आखीव वहीसारख्या पांढऱ्या रेषा.