कागदावरची मालकीण

रंगाचा हात कुणाच्या कपड्याला लागू नये म्हणून ती कोपरानंच ढकलत माणसाला गणपतीपुढं उभं करायची आणि विचारायची, "बघतोय का तुझ्याकडं? खरा सांग." दूधवाला असो की पोस्टमन, मूर्तींच्या कारखान्यात पाऊल टाकलं की सुटका नाही. तुम्ही "हो" म्हणालात की दोन पावलं डावीकडं सरकवायची. "आनि आता?" मूर्तीची नजर कुठूनही माणसावर आली पाहिजे, हा तिचा हट्ट. पेणमध्ये डोळ्यांची आखणी करणारे हात पुष्कळ आहेत, पण आक्काचा हात वेगळा. तिच्यावर जळणारेसुद्धा हे कबूल करायचे.

मी पाट्या रंगवतो. म्हणजे रंगवायचो, पुढं सगळं फ्लेक्सवाल्यांनी खाल्लं. माझं दुकान त्या कारखान्याच्या अगदी समोर, त्यामुळं दिवसातून दोनदा तरी मला देवापुढं उभं राहावं लागे. एकदा वैतागून म्हणालो, "आक्का, घरी बायको बघते तेवढं पुरे आहे मला."

"ती बरोबर बघते. तूच नजर चुकवतोस," आक्का म्हणाली, आणि कारखान्यातल्या सगळ्या बाया हसल्या.

आक्का खाडीकडच्या गावची. लहानपण मिठागरात गेलेलं, नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. कारखान्यात आली ती मूर्ती उचलायला, आणि दहा-बारा वर्षांत आखणीला बसली. लिहिण्यावाचण्याच्या नावानं सहीपुरती अक्षरं यायची तिला. पण ती सही बघावी! एकेक अक्षर सावकाश, जीभ दातात धरून.

आता शेठ, कारखान्याचा मालक. गोड माणूस हो! असा गोड की मुंग्या लागाव्यात. बायांना "माझ्या बहिणी" म्हणायचा, भाऊबीजेला साड्या वाटायचा. त्या काळी विक्रीकराचा नियम असा होता की धंदा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की कर, खाली राहिला तर माफी. सरकारला वाटलं, लहान माणसाला जरा श्वास घेऊ द्यावा. चांगलंच वाटलं. पण लहान माणसासाठी दार ठेवलं की त्यातून पहिला मोठा माणूस आत शिरतो, हे सरकारला कोण सांगणार? शेठनं एका कारखान्यात प्लायवूडचे पडदे मारून पाच कारखाने केले आणि पाच कामगारांच्या नावांवर चढवले. त्यातला एक आक्काच्या नावावर.

"बहिणीच्या नावावर नाही करणार तर कुणाच्या?" शेठ म्हणाला. आक्कानं चार ठिकाणी सह्या केल्या.

पाटी सांगायला तिलाच माझ्याकडं पाठवलं. पैसेही शेठनं तिच्याच हातात दिलेले. "नाव मोठा काढ पेंटर," म्हणाली. "माझा नाव आजपरेंत रेशन कार्डावर पन धड नव्हता." पाटी लागली त्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढा दिला. आम्ही चिडवायचो, "काय मालकीणबाई!" तीही पदर सावरून म्हणायची, "व्हय, पगार कापीन हां तुझा!" आणि लगेच त्याच पाटावर बसून रोजच्या मजुरीवर डोळे आखायला लागायची.

मुलगी तिनं रोह्याजवळ वरसे गावात दिली. जावई कंपनीत शिफ्टला. दिवाळीला चार दिवस लेकीकडं राहून आली ती डोक्यात नवंच घेऊन. "पेंटर, जावयाच्या कंपनीत युनियन हाय. आजारी पडला तरी मानसाला घरी नाय पाठवत." इथं कसं होतं, तुम्हाला ठाऊक असेल. विसर्जन झालं की बाया घरी बसायच्या. पुन्हा कोणाला बोलवायचं ते शेठच्या मर्जीवर. जी पोटुशी राहिली, जी रंगाच्या वासानं खोकायला लागली, जिनं उलट शब्द केला, तिला बोलावणं नाही. आक्काला एवढंच हवं होतं, की दर हंगामाला जुन्या बाईला हक्कानं परत घ्यायचं. त्यासाठी ती घराघरांत फिरली. तेवीस बायांनी सह्या-अंगठे दिले. घाबरणारीला ती सांगायची, "मी हाय ना गो. काय झाला तर आधी माझी मान."

युनियनचा अर्ज कामगार खात्यात गेला. शेठ रागावला नाही, ओरडला नाही. नुसता वकील घेऊन कामगार खात्यात आला. वकिलानं साहेबापुढं कागद ठेवले. पाच कारखाने, पाच मालक, ही नोंदणी, ह्या सह्या. मग आक्काकडं बोट दाखवून म्हणाला, "साहेब, ही बाई स्वतःच मालक आहे. ती युनियन काढत्येय ती कोणाविरुद्ध? स्वतःविरुद्ध?"

साहेब हसला. मागं बसलेल्या बायांत कुजबुज झाली, आणि एकजण मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे आमाला कामावर ठेवनारी तूच व्हय गो, आक्का?" आक्कानं मागं वळून त्या बाईकडं असं पाहिलं, की मला तिथं बसवेना.

मग मला उठवलं. होय, मला. साक्षीदार म्हणून शेठनंच आणलं होतं. येताना गाडीत म्हणाला होता, "खोटं काही बोलू नकोस. विचारलं तेवढंच सांग. पुढच्या हंगामाच्या पाट्या तुझ्याच."

"पाटी रंगवायला कोण आलं होतं?"

"ह्या बाई."

"पैसे कोणी दिले?"

"बाईंनीच."

बस. एवढंच. पैसे शेठचे होते, मालक शेठ होता, पेणमधलं शेंबडं पोर हे सांगू शकलं असतं. मी मूग गिळून खाली बसलो. शेठनं तिचा केसानं गळा कापला असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत फिरलो, पण तो केस ओढणाऱ्या हातांत माझाही हात होता. आक्का माझ्याकडं एकटक बघत होती. "खरा सांग" एवढंसुद्धा म्हणाली नाही.

युनियन झाली नाही. शेठनं बायांना एकेक करून परत बोलावलं. चार-पाचजणींना कधीच नाही, आणि आक्काला तर नाहीच. ती लेकीकडं वरशाला निघून गेली. पुढच्या हंगामात पाट्यांचं काम आलं, मी ते केलं. लाज वाटत होती, तरी केलं.

आठ वर्षांनी, ती आजारी असल्याचं कळलं तेव्हा रोह्याची गाडी धरली. खाटेवर बसली होती, बारीक झालेली. मला पाहून लेकीला म्हणाली, "चाय ठेव. पेनचे पेंटर आलेत." माझ्यासाठी "आलेत" हा शब्द तिनं कधी वापरला नव्हता. मी कसाबसा म्हणालो, "आक्का, मी त्या दिवशी फसवलं तुला."

"तू खोटा नाय बोललास," ती म्हणाली. "शेठ खोटा बोलला, त्याचा मना काय नाय वाटला. तो शेठच. पन तू खरा बोलून मारलास."

"माफ कर."

लेकीनं आणलेला कप तिनं माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "मना कशाला इचारतोस? माझा काय, लेक होती, आले हिकडं. त्या तेवीस जनींना मी घराघरांत जाऊन सांगितला होता, काय होनार नाय म्हनून. मी खोटी पडले त्यांच्यापुढं. तू पन जा घराघरांत. त्यांना सांग, आक्का मालकीन नव्हती."

"जातो," म्हणालो. चहा प्यायलो, निघालो.

आक्का गेली त्याला आता तीन वर्षं झाली. त्या बायांपैकी दोघी तर माझ्याच आळीत राहतात, सकाळी नळावर दिसतात. "काय पेंटर, बरं हाय ना?" विचारतात. मी "बरं आहे" म्हणतो आणि पुढं जातो.