हात मागं बांधून

"तोंड बंद, बाही वर."

पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच आमच्या मॅडमचं हे वाक्य सुटायचं. खाज कधीपासून, शेजारणीनं काय लावायला सांगितलं, असलं काही ऐकायचं नाही. आधी कातडी बघायची, मग कहाणी. बाहेरच्या बाकावरची माणसं आतला आवाज ऐकून आपापल्या बाह्या दुमडून तयारच बसायची.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी काउंटरला होते. नंबर पुकारायचा, केसपेपर काढायचा आणि मॅडम जेवायला गेल्या की त्यांची नक्कल करायची. पहिल्या दोन कामांना पगार होता.

एकदा मी बायकांपुढं लई रंगात आले होते. "मावशी, ही क्रीम कुणी दिली? मेडिकलवाल्यानं? मग आता खाजवायला पण त्यालाच बोलवा!" बायका हसता हसता एकदम गप्प. मागं मॅडम उभ्या.

"आवाज जमलाय," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणताना मी चष्मा कपाळावर घेते. अर्धवट काम करू नको."

अशी बाई तुम्ही पण कुठंतरी बघितली असेल. जिच्याकडून बोलणी खाल्ली तरी पोट भरतं.

मी लागले त्याच आठवड्यात सांगोल्याकडचे एक काका आले होते. हाताची दोन बोटं आत वळलेली. त्यांचा केसपेपर घेताना मी कागदाचं अगदी टोक धरलं. तुम्ही पण तेच केलं असतं, उगाच साळसूद होऊ नका. मॅडमनी दारातून बघितलं, बाहेर आल्या आणि माझा हात उचलून सरळ काकांच्या हातात दिला.

"धर. धरून ठेव. झालं का काय तुला? आता बोटं मोज तुझी."

मी खरंच मोजली. दहा भरली.

काका म्हणाले, "माजी बी दहाच हायत की पोरी. दोन जरा रुसल्यात."

नंतर मॅडमनी सांगितलं, हा कुष्ठरोग. गोळ्यांनी बरा होतो. पण ओळखायला उशीर झाला तर शीर मरते आणि बोटं आखडतात ती आखडतातच. म्हणून कुणाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला की मॅडम त्याला डोळे मिटायला लावायच्या, चट्ट्यावरून कापसाची वात फिरवायच्या आणि कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपायच्या. जाड लागली की समजायचं. हे त्या ग्लोव्ह्ज न घालता करायच्या. "रबराला काय कळतंय?" म्हणायच्या.

पन्नाशी गाठल्यावर या बाईनं इंग्लंडला जायचं काढलं. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कातडीच्या विभागात दोन महिने ऑब्झर्वरशिप. म्हणजे बाहेरदेशच्या डॉक्टरांनी जाऊन तिथलं काम नुसतं बघायचं. पेशंटला हात लावायचा नाही, पेशंटसमोर बोलायचं नाही. शेवटी सर्टिफिकेट आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं शिफारसपत्र. ते पत्र मिळालं की तिथंच एक वर्षाची फेलोशिप पक्की होती. ती फेलोशिप कॉलेजात असल्यापासून मॅडमच्या मनात होती. तेव्हा त्यांचे अब्बा गेले आणि राहून गेली.

"न बोलता राहायला जमेल का तुम्हाला?" मी विचारलं.

"सराव करू की," म्हणाल्या.

मग एका दुपारी मी डॉक्टरांच्या खुर्चीत आणि मॅडम भिंतीला टेकून, हात मागं बांधून. मी नाकातून इंग्रजी झाडत होते, "येस येस, व्हेरी इंटरेस्टिंग," तेवढ्यात आमच्या मैंदर्गीकडची एक आजी दार ढकलून आत आली. माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं.

"यव्वा! डाक्टरीणबाईला शिक्षा केलाव काय गं?"

आजीच्या मानेवर गजकर्ण होतं. मॅडम हलल्याच नाहीत. मी मनात आकडे मोजत होते. वीसपर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागनं आवाज, "पदर सरकवा, आजी." झाला सराव.

पण तिकडं त्यांनी निभावलं. फोनवर म्हणायच्या, "आज बी गप्प होते गं. तोंडाला वास सुटला."

शेवटच्या आठवड्यात मात्र घात झाला. परत आल्यावर एवढी मोठी गोष्ट त्यांनी मला चहाचा एक कप संपेपर्यंत सांगून टाकली. एक टॅक्सीवाला आला होता, आपल्यासारखाच सावळा. दंडावर चट्टा. तिथं सहा महिने त्याला एक्झिमाचं मलम चालू होतं. कुष्ठरोग तिथल्या डॉक्टरांनी पुस्तकात बघितलेला. मॅडम मोठ्या डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "चट्ट्याला स्पर्श कळतोय का बघता?" ते म्हणाले, "आपण नंतर बोलू." टॅक्सीवाला कोट चढवायला लागला. त्याला बटण लागेना. करंगळी साथ देत नव्हती.

"मग?"

"मग काय. त्याला विचारलं, हात लावू का? तो म्हणाला, लावा. डोळे मिटायला लावले. कापूस फिरवला. त्याला पत्ताच नाही. कोपराची शीर सुतळीसारखी लागली. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, बायॉप्सी करा. दुसऱ्या दिवशी माझं आत जायचं कार्ड काढून घेतलं."

आठ दिवसांनी हॉस्पिटलचा मेल आला. नियम मोडल्याबद्दल शुक्रवारपर्यंत लेखी माफी मागा, मग सर्टिफिकेट आणि पत्र दोन्ही देऊ.

मला वाटलं, सुटलो. दोन ओळींचं काम. मॅडम आत पेशंट बघत होत्या, मी बाहेर माफीचा मेल टाइप करून टाकला. त्यांचे जुने मेल माझ्याच हातून गेलेले, त्यांचं इंग्रजी मला पाठ. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं. दाबणार होते, खोटं कशाला बोलू? पण बोट तिथं जाऊन थांबलं आणि मी त्यांना बोलावलं.

मॅडमनी वाचलं. "इंग्रजी अगदी माझं वाटतंय," म्हणाल्या. "बाई दुसरीच आहे. पूस."

"मॅडम, हात जोडते. तीस वर्षं वाट बघितलीय तुम्ही."

"पूस म्हणते ना."

त्या दिवशी मॅडमच्या अम्मी दवाखान्यात आल्या होत्या, गुडघ्याच्या तेलासाठी. त्यांनी सगळं ऐकलं. "दो लाइनाँ लिख दे गे बेटी. क्या जाता तेरा?"

"मेरा कुछ नै जाता, अम्मी. उसका हात जाता था."

अम्मी बराच वेळ तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "तो नक्को लिख."

मेल मग मॅडमनीच सांगितला, मी टाइप केला: मी पेशंटला विचारून हात लावला. परत अशी वेळ आली तर परत लावीन. त्याची बायॉप्सी झाली का, एवढं कळवा.

उत्तर दोन दिवसांत आलं. पत्र मिळणार नाही. पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही.

फेलोशिप गेली. मी रडले. मॅडम म्हणाल्या, "नाक पूस आणि नंबर पुकार, बाहेर गर्दी आहे." पण त्यानंतर महिनाभर दुपारी मोबाइल वाजला की जेवता जेवता उठायच्या. बँकेचा मेसेज असायचा.

मग एक दिवस कळलं, बाईनं ओरिसातल्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात नोकरी घेतलीय. असले पेशंट रोज रांगेनं येतात म्हणे तिथं. "आणि हात लावायला कुणी आडवं येत नाही," म्हणाल्या. अम्मी पण बरोबर निघाल्या, तेलाच्या बाटलीसकट. लोक म्हणाले, या वयात असं कुणी करतं का? मॅडमनी त्यांना पण बाही वर करायला लावली असती, पण वेळ नव्हता.

सोलापूर स्टेशनवर मी एकटीच सोडायला गेले. अम्मी खिडकीत बसल्या, मॅडम दारात उभ्या राहून मला केसपेपर कसे लावायचे ते बाराव्यांदा सांगत होत्या. गाडीनं शिट्टी दिली आणि त्यांचा मोबाइल वाजला. बँकच असणार म्हणून मी तोंड वाकडं केलं.

बँक नव्हती. त्या हॉस्पिटलात मॅडमशेजारी उभ्या राहणाऱ्या एका शिकाऊ डॉक्टरणीचा मेसेज होता. टॅक्सीवाल्यानंच तिला सांगितलं होतं, त्या इंडियन बाईला हा फोटो पाठव. मॅडमनी एकदा बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. गाडी हलली. त्यांनी हात बाहेर काढून मोबाइल माझ्यासमोर धरला. मी गाडीबरोबर पळत पळत बघितलं. कोटाच्या वरच्या बटणावर एक सावळा हात, करंगळी जरा वाकडी, पण बटण लागलेलं.

प्लॅटफॉर्म संपला, मी थांबले. मॅडमनी टाटा केला नाही. गाडी वळेपर्यंत मोबाइल तसाच बाहेर धरलेला होता, सगळ्या स्टेशनाला दिसेल असा.