गुडघ्यांवर बसवणाऱ्या कात्री सिस्टर

अगं इरा, ये इकडे, जवळ बस. आईचा तो शाळेतला फोटो बघून किती खिदळशील? स्कर्ट आहे की परकर म्हणे! त्या स्कर्टापायी माझा जीव मेटाकुटीला आला होता, बाई. आधी कात्री सिस्टरांबद्दल ऐक, मग हस.

पांढरा झगा, कमरेला एका बाजूला जपमाळ आणि दुसऱ्या बाजूला नाडीला बांधलेली छोटी कात्री. म्हणून मुलींनी हे नाव पाडलेलं. सकाळी शाळेच्या फाटकाशी उभ्या असायच्या. जरा संशय आला की मुलीला गुडघ्यांवर बसवायच्या. स्कर्टची कड जमिनीला टेकली तर आत जा. नाही टेकली तर तिथंच दुमड उसवून कापड खाली सोडायच्या. पोरगी दिवसभर दोरे लोंबवत वर्गात.

आता आमचं बघ. आडगावला मेथी-कोथिंबिरीचा मळा. स्कर्ट घ्यायचा तो वीतभर दुमड घालून, तीन वर्षं पुरेल असा. सिस्टरांनी कात्री लावली की पुढच्या वर्षाचं कापड याच वर्षी संपायचं! वर तुरपत कोण बसणार? मीच. आणि तुझी आई तरी काय साधी होती? शहरातल्या द्वारका चौकात बस बदलताना कमरेशी दोन वेढे घालून स्कर्ट वर घ्यायची, फाटक दिसलं की सोडायची.

एकदा मी चिडून म्हटलं, "सिस्टर, आमच्याकडे बायका गुडघ्याच्या वर लुगडं खोचून वाफ्यात उभ्या असतात. त्यांना कोणी निर्लज्ज म्हणत नाही."

"त्या वाफ्यात असतात, वैशालीची आई. ही द्वारकेच्या गर्दीतून येते."

झालं! या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

वैशू, म्हणजे तुझी आई, आठवीत असताना शाळांच्या स्पर्धेत पळायला निवडली गेली. खेळाच्या बाईंनी सांगितलं, हाफ पँट शिवून आणा. मी कापड आणलंसुद्धा. तर सिस्टरांचा निरोप, हाफ पँट चालणार नाही. मी तडक शाळेत.

"सिस्टर, पोरीला पळायचंय. स्कर्टात पाय अडकून तोंडावर आपटेल ती!"

सिस्टर मूळच्या संगमनेरकडच्या. एरवी बोलणं पुस्तकासारखं, पण रागावल्या की गाव बाहेर यायचं. "मंग पळू द्या की! मी कुठं अडवते? पर हाफ पँटीत नाय म्हंजे नाय!"

मग त्यांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, "तुमचे सासरे संध्याकाळी भाजीचा टेम्पो घेऊन तिला न्यायला येतात ना? त्यांनी तिला तशी पाहिली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवतील?"

खरंच होतं ते. मामंजी घरात रोज ऐकवायचे, "सिस्टरांचा धाक हाय म्हणून पोरगी शाळंत हाय. नायतर सातवी लय झाली."

"माझ्या थोरल्या बहिणीला एवढ्यावरूनच घरी बसवलं," सिस्टर म्हणाल्या. "खेळताना गुडघे दिसले म्हणून."

हे ऐकून तर मी जास्तच भडकले. "मग आमच्या मामंजींना बोला की! पोरीच्या कपड्याला कशाला कात्री?"

"सासरे तुमचे हायेत, बाई. माझ्या हातात कपडाच हाय."

शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं एक स्कर्ट-पँट शिवली. उभी राहिली की स्कर्ट, पळायला लागली की दोन पाय वेगळे. तीच या फोटोत आहे. आणि एवढं करून, मैदानावर शर्यतीच्या आधी सगळ्यांसमोर तिला गुडघ्यांवर बसवून माप बघितलं! काय म्हणावं? वैशू दुसरी आली. मामंजी फाटकाशी उभे होते. म्हणाले, "पोरगी पळती झ्याक. कपडेबी नीट हायेत." मी वैशूच्या गुडघ्यांवरची माती झटकली.

दहावी झाल्यावर मात्र मी गप्प बसले नाही. मामंजींना सरळ सांगितलं, वैशू कॉलेजात जाणार. ते म्हणाले, "तिथं सिस्टर असतील तर जाऊ दे."

आता कॉलेजात सिस्टर कुठून आणू? मी शाळेत जाऊन चांगली भांडले, म्हटलं, तुमच्या धाकाचं हे फळ, आता निस्तरा. दुसऱ्या दिवशी कात्री सिस्टर मळ्यात हजर. मामंजींसमोर खाटेवर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाबा, मी स्वतः कॉलेज बघून आले. फाटक मोठं आहे. शिपाई माझ्याहून कडक आहे." मामंजींनी मान हलवली. वैशू कॉलेजात गेली, ओढणीला चार पिना लावून!

पुढे सिस्टरांची बदली झाली. म्हातारपणी डोळे गेले. तुझी आई भेटायला गेली ती पँट घालून. सिस्टरांनी वाकून तिच्या घोट्यापाशी कापड चाचपलं. "लांब हाय ना? मंग ठीक." गेल्या बिचाऱ्या त्याच वर्षी. एकदा तरी 'चुकलं माझं' म्हणायचं, पण नाही.

उद्या तू पुण्याला निघशील. पण दिवाळीला लवकर ये हं, आईलाही आण. ती स्कर्ट-पँट ट्रंकेत आहे. तुला होईल. बांधावरून एकदा पळून दाखव. शर्यतीआधी गुडघ्यांवर बसवलं नसतं तर वैशू पहिलीच आली असती, असं मी इतकी वर्षं म्हणतेय. मला एकदा डोळ्यांनी बघू दे.