न लावलेला कौल

देवीच्या दारी मी त्या दिवशी स्वच्छ मनाने निघाले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. हा अनुभव लिहायचा तर तेवढं कबूल करावंच लागेल.

माझा धाकटा भाऊ साखळीला राहतो. त्याचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि काही महिन्यांत त्याचा चेहरा ओळखू येईनासा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणी किडनी दिली तर बरं. वहिनीला मधुमेह, म्हणून तिचं नाव पहिल्याच तपासणीत गळलं. आईवडील नाहीत. उरले मी. माझ्या तपासण्या झाल्या आणि सगळं जुळलं. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमचा भाऊ नशीबवान आहे." मीही हसले. घरी धारगळला परतताना बसमध्ये मात्र तपासणीचे कागद उघडून कुठे काही न जुळलेलं सापडतंय का, ते मी शोधत होते.

मी अंगणवाडीत काम करते. वय बावन्न. साध्या सुईलाही घाबरणारी बाई मी. नवऱ्याने "तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे" एवढंच म्हटलं, आणि त्या वाक्याचंच मला ओझं झालं. त्यांनी नको म्हटलं असतं तर माझी सुटका झाली असती. भावाने स्वतः कधी शब्द काढला नाही. उलट एकदा फोनवर म्हणाला, "ताई, तुझ्यावर जबरदस्ती नाही हां." त्यानंतर तीन रात्री मला झोप नाही.

तेव्हा मला आठवण झाली ती देवीच्या कौलाची. आमोण्याच्या बाजूला आमच्या माहेरचं दैवत आहे. आमच्याकडे मोठा निर्णय घेताना देवीला कौल लावतात. भटजी मूर्तीवर फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी ठरवलं, देवीलाच विचारायचं. घरी सांगितलं, भावाला बघून येते. आणि मनात काय होतं? डावी पाकळी पडावी. देवीनेच नको म्हटलं तर मला कोण काय बोलणार? सख्ख्या भावाचा जीव टांगणीला लागलेला, आणि मी देवीच्या आड लपायला निघाले होते.

सकाळी उपाशीपोटी निघाले. म्हापशाला बस बदलली, साखळीला पुन्हा बदलली. साखळीत भावाचं दुकान रस्त्यावरून दिसतं. मी मान फिरवून बसले. पुढच्या बसमध्ये खिडकीतून वारा आला आणि तीन रात्रींची झोप एकदम डोळ्यांवर उतरली. जाग आली ती कंडक्टरच्या आवाजाने. कुठे आलो ते न कळता मी पिशवी घेऊन घाईने उतरले. बस निघून गेल्यावर पाहिलं तर माझा थांबा नव्हताच. पूर्वी बाबांच्या बरोबर कितीदा आले होते, पण एकटी अशी कधीच नाही. समोर वायंगणाच्या भाताची हिरवीगार शेतं, पलीकडे माडांची रांग, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. डोक्यावर ऊन. मला वाटलं, देवीला माझं मन कळलं आणि तिने मला वाटेतच उतरवलं.

बांधावरून एक बाई येत होती. साडी खोचलेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, डोक्यावर गवताचा भारा. साठीच्या आसपासची असेल. मी देवळाची वाट विचारली. तिने भारा उतरवला आणि म्हणाली, "देऊळ अजून लांब आसा गो बाय. आणि आता बंद आसतला, भटजी जेवूक गेले आसतले. चार वाजता उघडतले. तवसर उन्हात खंय बसतलंस? चल घराक." बोलण्यावरून ती दोडामार्गकडची, लग्न होऊन इकडे आलेली, हे कळत होतं. मी नको-नको म्हणेपर्यंत तिने माझी पिशवी उचललीही होती.

घर जवळच होतं. तिने पाय धुतले, मला ओट्यावर बसवलं आणि आतून पेजेचं भांडं आणि मिठातल्या कैरीची फोड आणून ठेवली. मी सांगितलं, कौल लावायचा आहे, त्याआधी खायचं नाही. तिने आग्रह केला नाही. पेज तशीच माझ्याजवळ राहिली. "कसलो कौल?" असं तिने सहज विचारलं, आणि काय झालं कोण जाणे, माझा बांध फुटला. ज्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं तिला मी सगळं सांगितलं. भावाचं आजारपण, माझी भीती, आणि डावी पाकळी पडावी ही इच्छासुद्धा. नवऱ्यालाही जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

माझं रडणं संपल्यावर तिने एकच विचारलं, "तुझी खंयची काढतले? डावी?"

मी चमकून पाहिलं. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लोक विचारतात, जिवाला धोका नाही ना, खर्च किती, नंतर काम करता येतं का. कुठल्या बाजूची काढणार, हे ज्याला ठाऊक आहे तोच विचारतो. मी मान हलवली. ती म्हणाली, "माझी पण डावीच."

नऊ वर्षांपूर्वी तिने धाकट्या बहिणीला किडनी दिली होती. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत ती पुन्हा शेतात उतरली. मी तिच्याकडे बघत राहिले. आत्ताच तर हिने डोक्यावरून गवताचा भारा आणला होता. मी विचारलं, बहीण कशी आहे? ती म्हणाली, बहीण गेली. चार वर्षं चांगली होती, मग दुसराच आजार झाला.

ती पुढे म्हणाली, "भिया नको असा मी सांगूचंय नाय. मी पण भियालंय. पण चार वर्सा मिळाली तिका. आपल्या लेकीचा लगीन तिना डोळ्यांनी बघल्यान. आता मागे वळान बघलंय काय माका बरा वाटता, इतक्याच."

तिने मला दे म्हटलं नाही, देऊ नको असंही म्हटलं नाही. उठून गुरांना पाणी दाखवायला गेली. मी ओट्यावर एकटी बसले होते. वाऱ्याने शेत हलत होतं. मन इतकं शांत झालं होतं की मलाच नवल वाटलं. भीती गेली नव्हती, पण ती आता माझ्या एकटीची राहिली नव्हती. मी पेजेचं भांडं उचललं आणि निवलेली पेज शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. उपास मोडला, म्हणजे आता कौल लावता येणार नाही, हे मला पिताना पक्कं माहीत होतं.

चार वाजता तिच्याबरोबर देवळात गेले. भटजींनी ताम्हनात फुलं काढून ठेवली आणि विचारलं, देवीला काय विचारायचं आहे? मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. मी भावाला किडनी देणार आहे. तेवढं देवीच्या कानावर घाला." भटजींनी फुलांचं ताम्हन बाजूला सारलं. मग त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "आई, ही तुझी लेक आलेली आहे, तिच्या पाठीशी उभी राहा," आणि माझ्याशेजारी उभ्या असलेल्या त्या बाईने हळूच म्हटलं, "व्हय महाराजा."

परत जाताना साखळीला उतरले आणि सरळ भावाच्या दुकानात गेले. तो मशीनवर बसला होता, पण पायडलवर पाय चालत नव्हते. मी त्याला तारीख घ्यायला सांगितलं. तो कात्री उगीचच इकडची तिकडे ठेवत राहिला.

शस्त्रक्रियेआधी इस्पितळाच्या समितीपुढे बसावं लागतं. तिथे विचारतात, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. महिन्याभरापूर्वी तेच उत्तर खोटं ठरलं असतं.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सोपे नव्हते. वेदना झाल्या, ताप आला, एकदा वाटलं आपण चुकलो. पण चौथ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून भावाच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. डायलिसिसच्या काळात त्याला पाणी मोजून मिळायचं, दिवसाला दोन पेले, त्यातच गोळ्या. आणि आता नर्स त्याला रागावत होती की तुम्ही पाणी कमी पिता, अजून प्या. तो पेला हातात धरून तिच्याकडे अविश्वासाने बघत होता. मग त्याने मला काचेतून पाहिलं, आणि माझ्याकडे बघत बघत, घोट घोट करून पूर्ण पेला संपवला.

लोक मला म्हणतात, देवीच ती, बाईच्या रूपात भेटली. मी वाद घालत नाही. पण ती बाई हाडामांसाची आहे. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि पावसाळ्यात तिच्या शेतात चिखल किती झाला हे ती मला सांगत असते. मला एवढंच कळतं की त्या दिवशी मला झोप लागली नसती, तर मी बरोबर थांब्यावर उतरले असते, वेळेत देवळात पोचले असते आणि एका पाकळीच्या आड आयुष्यभर लपून राहिले असते. देवीने कौल दिला नाही. तिने मला विचारूच दिलं नाही. आपण तिच्यापुढे आपल्या सोयीचे दोनच रस्ते मांडतो आणि म्हणतो, यातला एक निवड. ती तिसऱ्याच बांधावरून येते, चिखलाच्या पायांनी. तेव्हा आपण फक्त पिशवी तिच्या हाती सोडायची आणि मागून चालायचं.